रेडमाइन : काम कुणाच्या टेबलावर थांबलंय ते दाखवणारं सॉफ्टवेअर

रेडमाइन पहिल्यांदा उघडलं की वाटतं, पान अजून नीट लोड झालेलं नाही. वर निळी पट्टी, खाली बारीक अक्षरातली यादी, बाकी सगळं पांढरं. आमच्याकडं रुजू होणारं प्रत्येक नवीन पोर पहिल्या दिवशी एकदा तरी रिफ्रेश मारतं आणि मग विचारतं, "मॅडम, हे एवढंच आहे का?" एवढंच आहे. आमच्या टीमचं सगळं काम गेली काही वर्षं या 'एवढंच'वर चाललंय. दुसरं काहीतरी घ्यावं असं अधूनमधून डोक्यात येतं, पण तो विचार आठवडाभरही टिकत नाही. तो का टिकत नाही, आणि हे सॉफ्टवेअर कुठं कुठं वैताग आणतं, ते दोन्ही लिहिते. कारण 'छोट्या टीमसाठी काय वापरू' असं विचारणारे फोन मला बरेच येतात आणि दर वेळी तेच सांगून घसा बसतो.

आधी आमच्याबद्दल, कारण टीम कशी आहे त्यावर सगळं अवलंबून आहे. कोल्हापुरातली छोटी कंपनी. शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या काही फौंड्र्यांचं (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांचं) उत्पादन आणि रिजेक्शन नोंदवणारं सॉफ्टवेअर आमचं. साखर कारखान्यांच्या वजनकाट्याचं आणि ऊस बिलाचं काम आहे, शिवाय काही पतसंस्था. म्हणजे ग्राहक कसे, तर ईमेल न करणारे. फोन करणारे, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर दीड मिनिटाचा व्हॉइस मेसेज टाकणारे, आणि त्यात मागं मोल्डिंग मशीनचा आवाज. मी डेव्हलपमेंटचं बघते. डेव्हलपर, दोन टेस्टर, सपोर्टला बसणारी एक ताई आणि वर आमचे सर, असा सगळा संसार.

रेडमाइन येण्याआधी कामाची नोंद व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर व्हायची. "ग्रुपवर टाकलंय" हे आमच्या ऑफिसातलं सगळ्यात जास्त बोललं जाणारं वाक्य होतं. टाकणारा मोकळा, वाचणारे सगळे, करणारा कोणीच नाही. सणाच्या शुभेच्छांच्या गर्दीत एखादी चूक अशी गडप व्हायची की ग्राहकाचा दुसरा फोन येईपर्यंत ती होती हेच कुणाला आठवायचं नाही.

आता मूळ वस्तूबद्दल. रेडमाइन हे ज्याँ-फिलिप लँग यांनी २००६ साली सुरू केलेलं, रुबी भाषेतल्या 'रुबी ऑन रेल्स' या चौकटीवर लिहिलेलं, कामांची नोंद ठेवणारं मुक्त सॉफ्टवेअर आहे. जीपीएल या मुक्त परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली मिळतं, म्हणजे लायसन्सचे पैसे नाहीत आणि माणसागणिक भाडंही नाही. आपल्या सर्व्हरवर टाका आणि वापरा. खुद्द रुबी भाषेचे बग (म्हणजे चुका) याच सॉफ्टवेअरवर नोंदवले जातात, त्यामुळं हे कुठल्या कोपऱ्यात पडलेलं जुनाट प्रकरण आहे असं कुणी समजू नये. यात इश्यू (म्हणजे एकेक काम किंवा तक्रार) नोंदवता येतात, त्यांना तारखा आणि अंदाजे तास लावता येतात, विकी (सगळ्यांनी मिळून लिहायची पानं) आहे, कॅलेंडर आहे, गँट चार्ट (कामांच्या तारखांच्या पट्ट्या) आहे, फाइली ठेवायची जागा आहे, गिटच्या रिपॉझिटरीला (कोडच्या साठ्याला) जोडायची सोय आहे. ही यादी आता कुठल्याही टूलची असते. मला हे आवडतं ते वेगळ्याच कारणानं.

रेडमाइनमधल्या इश्यूला मालक एकच असतो. 'असाइनी'चा रकाना एक आणि त्यात नाव एक. माणसाऐवजी ग्रुपला काम सोपवायची सोय सेटिंगमध्ये आहे, पण ती मुद्दाम चालू करावी लागते आणि मी ती कधीच चालू केलेली नाही. सुरुवातीला यावरून बरीच कुरकुर झाली. "हे आम्हा दोघांचं काम आहे, मॅडम." असेल, तर दोन उपकामं करा, प्रत्येकाचं आपापलं. "मी फक्त बघतोय, करतोय तो." मग वॉचर म्हणून नाव घाला, बदल झाला की मेल येईल. या एका रकान्यानं टीमच्या बोलण्याची पद्धतच बदलली. पूर्वी "ते ग्राइंडिंगच्या रिपोर्टचं काय झालं?" असं हवेत विचारलं जायचं आणि सगळे स्क्रीनकडं बघायचे. आता ज्याचं नाव आहे तोच तोंड उघडतो, आणि काम दुसऱ्याकडं अडलं असेल तर नाव आधीच बदललेलं असतं.

नंबरांची गोष्ट त्याहून मजेशीर. इश्यूला नंबर असतो हे डेव्हलपरना शिकवावं लागत नाही, ग्राहकांना शिकवावं लागेल अशी मला धास्ती होती. एका फौंड्रीत उत्पादन बघणारे एक वयस्क गृहस्थ आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. फेटलिंग शॉपच्या (ओतलेले नग घासून साफ करायच्या जागेच्या) दारात उभं राहून मी त्यांना समजावत होते, की यापुढं तुमच्या प्रत्येक तक्रारीला नंबर मिळेल, तो लिहून ठेवा, तोच नंबर शेवटपर्यंत राहील. मामांनी बाजूच्या ढिगातलं एक कास्टिंग, म्हणजे ओतलेला नग, उचललं, त्यावर उठलेल्या आकड्यांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "म्हणजे ह्यो हीट नंबरच की तुमचा." ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी : भट्टीतल्या प्रत्येक वितळणीला एक हीट नंबर देतात, आणि पुढं कधी गिऱ्हाइकाकडं नग फुटला तर त्या नंबरावरून कळतं की कुठल्या दिवशीची, कुठल्या मालाची वितळण होती, रासायनिक तपासणीत काय आलं होतं. मामांना मी पुढं काही सांगायची गरज उरली नाही. दुसऱ्याच आठवड्यात त्यांचा फोन, "मॅडम, चारशे बारा कुठवर आलंय?" आमच्या एका सीनियर डेव्हलपरला इश्यूच्या नंबरानं बोलायची सवय लागायला याहून जास्त वेळ लागला होता.

आमच्या सपोर्टच्या ताईंनी त्यानंतर स्वतःच एक नियम केला : फोन ठेवायच्या आधी नंबर सांगायचा. समोरचा बोलत असतानाच त्या इश्यू तयार करतात आणि "लिहून घ्या, दादा" म्हणून नंबर देतात. नंबर मिळाला की माणूस शांत होतो. काम झालेलं नसतं, पण आपलं कुठंतरी नोंदलं गेलं याची त्याला खात्री पटलेली असते. व्हॉइस मेसेज आजही येतात. ताई ते ऐकून चार ओळी मराठीत लिहितात आणि स्क्रीनशॉट असेल तर तो थेट पेस्ट करतात.

आता जिथं रेडमाइन खरोखर बाजी मारतं तिकडं येते. अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये 'वर्कफ्लो' नावाचं एक पान आहे. दिसायला भयाण : उभ्या-आडव्या रकान्यांचा तक्ता आणि नुसत्या चौकटी. डाव्या बाजूला इश्यूची आत्ताची स्थिती, वर पुढं कुठल्या स्थितीत जाऊ शकतो ते, आणि मधे टिक मारायची. सुरुवातीला मिळणाऱ्या स्थिती सहा : न्यू, इन प्रोग्रेस, रिझॉल्व्ह्ड, फीडबॅक, क्लोज्ड, रिजेक्टेड. हा तक्ता प्रत्येक भूमिकेसाठी आणि प्रत्येक प्रकारच्या कामासाठी वेगळा मांडता येतो. म्हणजे बगसाठी डेव्हलपरला एक वाट, टेस्टरला दुसरी.

आम्ही काय केलं, तर डेव्हलपरच्या तक्त्यातून 'क्लोज्ड'ची टिक काढून टाकली. तो 'रिझॉल्व्ह्ड'पर्यंत, म्हणजे 'माझ्याकडून झालं' इथपर्यंत, जाऊ शकतो, पुढं नाही. बंद करायचा हक्क टेस्टरचा. ऐकायला किरकोळ वाटतं. पण टेस्टिंगला छोट्या कंपन्यांमध्ये काय मान असतो ते तुम्हाला माहीत असेल तर यातली गंमत कळेल. आमच्याकडं टेस्टर दोघीही वयानं लहान, आणि डेव्हलपरांपैकी काहीजण त्यांच्या कॉलेजात त्यांना सीनियर होते. "अगं झालंय ते, मी बघितलंय" असं सीनियरनं म्हटलं की पोरगी गप्प बसायची. आता गप्प बसून चालतच नाही, कारण त्याला बंद करता येत नाही आणि तिनं तपासल्याशिवाय ती करणार नाही. मी एक शब्दही न बोलता हे जमलं. भाषण देऊन जमलं नसतं, मी देऊन बघितलेली आहेत.

त्याच पानावर दुसरा टॅब आहे, कुठल्या स्थितीत कुठला रकाना सक्तीचा ते ठरवायचा. 'रिजेक्टेड' करताना 'कारण' हा आम्ही वाढवलेला रकाना भरल्याशिवाय पुढं जाता येत नाही. त्यामुळं "हे आमच्याकडं होतच नाही" एवढंच लिहून काम परत फेकायचं बंद झालं. आता कुठल्या मशीनवर, कुठल्या डेटावर, काय करून बघितलं ते लिहावं लागतं. अर्धा वेळ ते लिहितानाच माणसाला चूक सापडते.

'फीडबॅक' ही स्थिती आम्ही फक्त 'ग्राहकाकडून उत्तर यायचंय' यासाठी राखून ठेवली. हे मात्र टूल करून देत नाही, टीमनं ठरवावं लागतं. आणि एक खटकणारी गोष्ट : स्थिती बदलली की असाइनी आपोआप बदलत नाही. डेव्हलपरनं 'रिझॉल्व्ह्ड' केलं तरी नाव त्याचंच राहतं. टेस्टरचं नाव त्यानं हातानं घालायचं. विसरला की काम दोघांच्या मधे लटकतं. इतक्या वर्षांच्या सॉफ्टवेअरमध्ये एवढी सोय जन्मजात असायला हवी होती.

आता टक्क्यांबद्दल. प्रत्येक इश्यूवर 'किती टक्के झालं' असा एक रकाना असतो, दहा-दहाच्या पायरीनं. बसवलेल्या दिवशी तो माणसानं स्वतः भरायचा असतो, आणि ही सगळ्यात फसवी गोष्ट आहे. सगळ्यांची कामं दोन दिवसांत नव्वद टक्के होतात आणि मग तिथंच मुक्काम ठोकतात. सरांना तो हिरवा पट्टा फार आवडायचा. "नव्वद टक्के झालंय म्हणजे उद्या देऊ की!" आणि तोवर त्यांनी कारखान्याच्या शेतकी खात्याला फोन लावलेलाही असायचा. सेटिंगमध्ये एक पर्याय आहे : टक्के माणसानं भरायच्या ऐवजी स्थितीवरून काढायचे. तो लावला, प्रत्येक स्थितीचा आकडा ठरवून दिला, 'इन प्रोग्रेस'ला मुद्दाम कमी ठेवला. हिरवा पट्टा बारीक झाला, सर दोन दिवस नाराज होते, आणि ग्राहकाला दिलेल्या तारखा बऱ्याच खऱ्या ठरू लागल्या. रेडमाइन घेणाऱ्या प्रत्येकानं पहिल्याच दिवशी हा पर्याय बदलावा.

वेळेची नोंद हा नाजूक विषय. इश्यूवर किती तास गेले ते लिहायची सोय आहे, कमिटच्या (कोडमधला बदल जतन करतानाच्या) संदेशातूनही तास नोंदवता येतात, आणि त्याचा रिपोर्ट हवा तसा उलटसुलट करून काढता येतो : माणसानुसार, प्रकल्पानुसार, कामाच्या प्रकारानुसार, महिन्यानुसार. सरांची पहिली इच्छा अर्थातच माणसानुसार यादी काढून भिंतीवर लावायची. मी म्हटलं, लावा, पण मग दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांचे बरोबर आठ-आठ तास भरतील आणि त्या आकड्याचा तुम्हाला काडीचा उपयोग होणार नाही. शेवटी असं ठरलं, की तास कामाचे बघायचे, माणसाचे नाहीत. आणि ते बघितल्यावर वेगळंच चित्र निघालं. आमचा सगळ्यात जास्त वेळ मोठ्या मॉड्यूलवर जातच नव्हता. तो जात होता "फक्त एक कॉलम वाढवून द्या की" या छाप कामांवर, आणि त्यातही काही ठरावीक ग्राहकांच्या. पुढच्या वेळी एएमसीचं (वार्षिक देखभाल कराराचं) बोलणं करायला जाताना सर तो रिपोर्ट छापून घेऊन गेले. दर वाढवून मिळाला. भिंतीवरच्या यादीचा विषय परत निघाला नाही.

'रोडमॅप' हे पान मला सगळ्यात प्रिय. कामं 'व्हर्जन'मध्ये बांधायची, व्हर्जनला तारीख द्यायची, की या पानावर त्यातली किती झाली, किती उरली, किती दिवस राहिले ते एका नजरेत दिसतं. आमच्या व्हर्जनची नावं एक-दोन-तीन अशी नाहीत. 'गाळप' आणि 'मार्चएंड' ही दोन मोठी, बाकी मधली. कारण आमच्या तारखा आम्ही ठरवत नाही. पतसंस्थेला ३१ मार्च हलवता येत नाही, आणि गाळप हंगाम कधी सुरू करायचा ते मुंबईत मंत्री समिती ठरवते. एकदा मोळी पडली, म्हणजे गाळप सुरू झालं, की काट्यावर ट्रॅक्टरांची रांग लागते आणि ती रात्रंदिवस चालते. त्या वेळी पावती छापायला पाच सेकंद जास्त लागले तरी काट्यावरचा क्लार्क नाही, मागचा ट्रॅक्टरवालाच आमच्या नावानं ओरडतो. शिवाय ऊस गेल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्यायचे असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम, त्यामुळं बिलात चूक काढायला फुरसत नसते.

आणि नेमकं हंगामाच्या तोंडावरच सगळ्यांना नवीन काहीतरी सुचतं. चिटबॉयना (शेतावर ऊसतोडीची नोंद ठेवणाऱ्या कारखान्याच्या माणसांना) फोनवर वेगळी यादी पाहिजे, पावतीवर टोळीच्या मुकादमाचं नाव ठळक पाहिजे, कुणाला रंग बदलून पाहिजे. पूर्वी आम्ही 'घेऊ की, त्यात काय' म्हणून घ्यायचो. रेडमाइनच्या व्हर्जनला 'लॉक' करता येतं, आणि एकदा लॉक केलं की त्यात नवीन इश्यू घालताच येत नाही. व्हर्जनच्या यादीत ते नावच दिसत नाही. आम्ही हंगामाच्या बऱ्याच आधी 'गाळप' लॉक करतो. लॉक उघडायचा हक्क माझ्याकडं आणि सरांकडं. तो उघडण्यासाठी सरांना माझ्या टेबलापर्यंत चालत यायला लागत नाही, ते स्वतः उघडू शकतात. पण उघडलं की ते सगळ्यांना दिसतं, आणि सरांना ते दिसणं आवडत नाही. मला यापेक्षा जास्त काही नको आहे.

रोज सकाळी दहा-पंधरा मिनिटं आम्ही उभ्यानं बसतो. (उभ्यानं बसतो हे आमच्या ऑफिसचं मराठी. खुर्च्या असतात, कुणी बसत नाही, पण बैठकच म्हणतात.) स्क्रीनवर एक साठवलेली क्वेरी लावायची : सगळे उघडे इश्यू, असाइनीनुसार गट, आणि क्रम असा की ज्याला सगळ्यात जास्त दिवस कुणी हात लावलेला नाही तो वर. "काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय" हे तीन प्रश्न आम्ही विचारत नाही. शाळेतली हजेरी होते ती. स्क्रम या टीमच्या कामाच्या पद्धतीच्या अधिकृत मार्गदर्शिकेतूनसुद्धा ते तीन प्रश्न २०२० च्या आवृत्तीत गेले, तरी गावोगावच्या टीम अजून ते म्हणतायत. आम्ही फक्त वरून खाली यादी वाचतो आणि शिळ्या झालेल्या कामापाशी थांबतो. हे कुणाची वाट बघतंय? कधीकधी उत्तर असतं 'मॅडम, तुमची'. तेही स्क्रीनवर सगळ्यांसमोर दिसतं, आणि ते तसंच दिसायला हवं.

इतकं कौतुक झालं, आता दुसरी बाजू.

कानबान बोर्ड नाही. कार्डं उचलून एका रकान्यातून दुसऱ्यात टाकायची सवय असलेल्या माणसाला रेडमाइनची यादी कोरडी वाटणार. मूळ रेडमाइनमध्ये तसा बोर्ड मिळत नाही, त्यासाठी प्लगइन (वरून जोडायचा भाग) घ्यावं लागतं. आमच्या फौंड्रीवाल्या ग्राहकांना मोटार कंपन्यांच्या पुरवठ्यामुळं कानबान हा शब्द तोंडपाठ, आणि आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांकडं तो बोर्ड नाही, यावर मामांनी एकदा टोमणाही मारला. हातात एका वेळी किती कामं घ्यायची यावर मर्यादा घालायची सोयही नाही. आम्ही ती तोंडी पाळतो, म्हणजे कधी पाळतो, कधी नाही.

प्लगइन हा वेगळाच संसार आहे. चांगली आहेत, भरपूर आहेत, पण रेडमाइनची मोठी आवृत्ती बदलली की अर्धी बंद पडतात आणि ती लिहिणाऱ्यानं सुधारून देईपर्यंत आपण जिथल्या तिथं. म्हणून माझा सल्ला, दोनापेक्षा जास्त प्लगइन टाकू नका, आणि टाकाल ती अशी निवडा की उद्या काढून टाकली तरी काम थांबणार नाही.

मेलचा मारा. मेलचा पर्याय चुकीचा लावला गेला तर प्रत्येक टिपणीला प्रत्येकाला मेल जातो, आणि दोन आठवड्यांत सगळेजण रेडमाइनच्या मेलना वेगळ्या फोल्डरमध्ये ढकलून मोकळे होतात. प्रत्येकाच्या खात्यात जाऊन 'मी गुंतलेलो आहे किंवा लक्ष ठेवतोय तेवढंच' हा पर्याय लावा, आणि स्वतः केलेल्या बदलाचा मेल स्वतःला येऊ नये ही टिकही मारा. पाचव्या आवृत्तीपासून टिपणीत एखाद्याचं नाव अ‍ॅट लावून लिहिलं की त्याला खबर जाते. त्यानं पुष्कळ सुकर झालं.

गँट चार्ट दिसतो छान, पण पट्ट्या माऊसनं ओढून तारीख बदलता येत नाही. आमच्यासारख्यांना तो फारसा लागत नाही, बांधकामासारखं ज्यांचं काम एकामागून एक चालतं त्यांना लागेल आणि त्यांची निराशा होईल. फोनवर ब्राउझरमध्ये उघडतं, वाचायला ठीक, लिहायला कंटाळवाणं. सहाव्या आवृत्तीत, २०२४ च्या शेवटी, आयकॉन नवे झाले आणि चेहरामोहरा जरा उजळला, पण नवीन पोरं अजूनही रिफ्रेश मारतातच.

जिरा या दुसऱ्या प्रसिद्ध टूलशी तुलना सगळेच विचारतात. जिरा जास्त देखणं आहे, बोर्ड आहेत, स्प्रिंट (ठरावीक मुदतीचे कामाचे टप्पे) आहेत, रिपोर्ट आहेत, आणि मोठ्या कंपनीत अनेक टीम एकमेकांत गुंतलेल्या असतात तिथं ते घ्यावं. दहा माणसांपर्यंत ते फुकट मिळतं. आम्ही अकरा झालो. शिवाय स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायची त्यांची छोट्यांसाठीची आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झाली, आणि आमच्या पतसंस्थांच्या संचालकांना 'तुमचा तक्रारीतला डेटा कुठं आहे' याचं उत्तर 'आमच्याच सर्व्हरवर' असं द्यायला बरं पडतं. ट्रेलो हे कार्डांचं टूल तिघाचौघांच्या टीमला झकास आहे, त्यापुढं कार्डांचं रान माजतं. रेडमाइनचीच चाल आवडली पण बोर्ड हवेच असतील तर ओपनप्रोजेक्ट बघा, ते रेडमाइनच्याच वंशातलं आहे.

पाचपैकी चार तारे देते. एक तारा असाइनीच्या भानगडीसाठी आणि बोर्डसाठी कापला.

घ्यायचं कुणी? ज्यांच्याकडं लिनक्सला न घाबरणारा निदान एक माणूस आहे, ज्यांचे ग्राहक फोनवर बोलतात, आणि ज्यांच्या टीमप्रमुखाला स्वतःचं अडलेलं काम सगळ्यांना दिसलेलं चालतं, त्यांनी. शेवटची अट पाळणारे कमी असतात. ज्यांना टूल आणलं की टीम आपोआप शिस्तीत येईल असं वाटतंय त्यांनी पैसे नसले तरी वेळ वाया घालवू नये. आमच्याच ओळखीच्या एका ऑफिसात रेडमाइन आहे आणि सगळे इश्यू मॅनेजरच्या नावावर आहेत, महिनोन्‌महिने.

बसवणाऱ्यांसाठी थोडं. डॉकरची (लागणारं सगळं एकत्र बांधून देणाऱ्या सोयीची) अधिकृत प्रतिमा मिळते, तीच वापरा. रुबीच्या आवृत्त्यांशी हातानं झटापट करण्यात पुण्य नाही. दोन जीबी मेमरीचा साधा सर्व्हर आमच्याएवढ्या टीमला पुरतो. मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरणार असाल तर तो तयार करतानाच यूटीएफ८एमबी४ ही अक्षरं साठवायची पद्धत निवडा. साध्या यूटीएफ८ वर देवनागरी व्यवस्थित चालते, त्यामुळं सगळं ठीक आहे असं वाटतं; पण व्हॉट्सअ‍ॅपवरून चिकटवलेल्या मजकुरात हात जोडलेली इमोजी आली की ती त्यात मावत नाही आणि टिपणी जतन होत नाही. कोल्हापुरातला ग्राहक हात जोडल्याशिवाय तक्रार करत नाही. कामाच्या सुट्टीचे वारही सेटिंगमध्ये बघा. मूळचे शनिवार-रविवार असतात, आमच्या फौंड्रीवाल्यांची सुट्टी सोमवारी. आणि बॅकअप घेताना नुसता डेटाबेस घेऊन थांबू नका. जोडलेल्या फाइली डेटाबेसात नसतात, 'फाइल्स' नावाच्या वेगळ्या फोल्डरात असतात. तो फोल्डरही रोज दुसरीकडं उतरवा, आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून, एखादा जुना इश्यू काढून, त्यातला स्क्रीनशॉट दिसतो का ते बघा.